दुधाच्या अनुदानाची यादी संकलन केंद्राच्या भिंतीवर का लागत नाही?

नाझरेकाठ
रविवार, रात्री १०.१५

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा.

मी धायरीला राहते, एका छोट्या ऑफिसात हिशेब लिहायचं काम करते. माहेर पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या काठी. धाकटा भाऊ गावाकडे शेती आणि गोठा बघतो. पाच एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई, त्यातल्या तीन कायम दुधात. सरासरी धरली तर रोज चाळीस लिटर दूध एका खासगी डेअरीच्या संकलन केंद्रावर जातं. डेअरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आसपासच्या गावांत दुसऱ्या डेअऱ्यांना दूध घालणारे आमचे पाहुणेही हेच सांगतात, त्यामुळे एकीला धरण्यात अर्थ नाही.

विषय २०२४ च्या अनुदानाचा. ११ जानेवारी ते १० मार्च सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये दिले. मग १ जुलैपासून पुन्हा पाच, आणि १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेर सात. अट अशी, की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून उरणाऱ्या घन घटकांच्या) दुधाला डेअरीने ठरलेला दर द्यायचा (जानेवारीत २७, जुलैत ३०, ऑक्टोबरात २८ रुपये) आणि अनुदान सरकार परस्पर शेतकऱ्याच्या खात्यात टाकणार. त्यासाठी गाईच्या कानाला बिल्ला हवा, बिल्ल्याचा बारा आकडी नंबर भारत पशुधन पोर्टलवर मालकाच्या नावे चढलेला हवा, आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. भावाने हे सगळं वेळेत केलं.

हिशेब साधा आहे. चाळीस लिटरला पाच रुपयांनी रोजचे दोनशे. जुलै ते सप्टेंबर ९२ दिवस, १८,४०० रुपये. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ६१ दिवस सात रुपयांनी, १७,०८०. एकूण ३५,४८०. आले किती? जुलैचे ६,२००. पुढे एक रुपया नाही. राहिलेले २९,२८० म्हणजे त्याच्या गोठ्याची जवळपास दोन महिन्यांची पेंड.

केंद्रावर विचारलं तर म्हणाले, माहिती वर पाठवलीय. डेअरीच्या ऑफिसात म्हणाले, फाइल अपलोड झाली, सरकारकडूनच यायचेत. सरकारी कार्यालयात गेला तर तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, तुमच्या डेअरीकडून आलेल्या यादीत ऑगस्टपासून हे नाव नाही, डेअरीला विचारा. तीन खेपा झाल्या. गोठ्यातल्या माणसाची एक खेप म्हणजे काय असतं ते ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यालाच कळेल. दुपारी बारापर्यंत शेण, वैरण, धारा उरकून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत पोचायचं.

मी हिशेबातली बाई, म्हणून मला दुसरीच गोष्ट खटकली. यादी डेअरी करते. सरकार ती यादी बघून पैसे सोडतं. पण ज्याच्या नावाने पैसे सुटतात त्याला ती यादी कुठेच बघायला मिळत नाही, आणि ज्यांच्या करातून ते सुटतात त्यांनाही नाही. आमच्या गावातल्या केंद्रावर किती जणांची नावं गेली, किती लिटर दाखवलं, किती पैसे आले, किती नावं बाद झाली आणि का, यातलं काहीही कुणाला सांगता येत नाही. मग चूक शोधायची कशी?

दुसरीकडे बघा. शिवाजीनगरच्या साखर संकुलातून, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयातून, दर हंगामात कारखानानिहाय एफआरपीचा (उसाला द्यावाच लागणाऱ्या किमान दराचा) तक्ता निघतो. कुठल्या कारखान्याने किती ऊस गाळला, किती रक्कम देणं होतं, किती दिली, किती थकली. थकवणारे कारखाने लाल रंगात दाखवल्याची यादीसुद्धा आपण पेपरात वाचलीय. आमच्या गावात ऊसवाला शेतकरी तो तक्ता मोबाइलवर दाखवून कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी भांडतो. त्याच बांधावर राहणाऱ्या दूधवाल्याच्या हातात काय आहे? केंद्रावरची पावती. तीही थर्मल कागदाची, चार-पाच महिन्यांत कोरी होते. आईने भावाच्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. परवा डबा उघडला तर ऑगस्टच्या निम्म्या पावत्यांवर लिटर दिसतंय, फॅट दिसत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. डेअरीनिहाय आणि केंद्रनिहाय तक्ता सरकारच्या संकेतस्थळावर हवा, आणि गावापुरती यादी केंद्राच्या भिंतीवर. कुणी यासाठी काही केलंय का? कुठे अर्ज करायचा?


भिगवण_रोड
रविवार, रात्री १०.४८

ताई, आमच्याकडे इंदापुरात पण हेच. मला जानेवारी-फेब्रुवारीचे आले, मार्चचे दहा दिवस अजून नाहीत. दहा दिवस म्हणजे दुधाच्या बिलाचा एक हप्ता, आमच्याकडे त्याला पगार म्हणतात. आम्ही सोडून दिलं.


तीस_पोस्टकोड
सोमवार, सकाळी ७.३०

मी पेठेत वाढलेला माणूस, गाय फक्त सारसबागेच्या रस्त्याला बघितलेली, तेव्हा प्रश्न अडाणी वाटला तर समजून घ्या. मार्च २०२५ मध्ये पिशवी दोन रुपयांनी वाढली, गाईचं दूध लिटरला ५६ ते ५८ झालं. म्हणजे मी पन्नासच्या वर देतो, २०२४ मध्ये वरून करातून पाच-सात रुपये गेले, आणि शेतकऱ्याला तीस-पस्तीसही धड मिळाले नाहीत. मग हे अनुदान नक्की कुणाला होतं? शेतकऱ्याला की डेअरीला?


नाझरेकाठ
सोमवार, दुपारी १.२०

अडाणी अजिबात नाही, मुळावर बोट ठेवलंत. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

थोडं मागे जाऊ. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं दूध आंदोलन झालं, राजू शेट्टींनी मुंबईचं दूध अडवलं, ते आठवत असेल. त्यानंतर १ ऑगस्ट २०१८ पासून पाच रुपये अनुदान आलं, पण ते पिशवीबंद दूध वगळून, म्हणजे पावडर आणि इतर पदार्थांकडे जाणाऱ्या दुधाला होतं. ते डेअऱ्यांकडे जायचं, आणि डेअरीने शेतकऱ्याला २५ रुपये दर द्यायचा अशी अट. तेव्हा पावडरचे भाव जगभर पडले होते, गोदामं भरली होती, पावडर निर्यातीलाही किलोला ५० रुपये जाहीर झाले होते. कारण समजण्यासारखं होतं. पण पैसा डेअरीमार्गे गेला, आणि २५ चा दर प्रत्यक्ष किती जणांना किती दिवस मिळाला याचा गावपातळीवरचा हिशेब लोकांसमोर आलाच नाही.

२०२४ ला पैसे थेट खात्यात आले, ही मोठी सुधारणा आहे आणि ती मी मनापासून मानते. ज्यांना आले त्यांना मधे कुणाचा हात न लागता आले. पण डेअरीने द्यायच्या दराचं काय? जुलै २०२३ मध्ये सरकारने समिती नेमून ३४ रुपये दर ठरवला होता. सहा महिन्यांत तो २५-२७ वर आला, कारण उसाच्या एफआरपीसारखा कायदा दुधाला नाही. उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, चौदा दिवसांत पैसे नाहीत तर पंधरा टक्के व्याज. दुधाला फक्त विनंती. मग अनुदान जाहीर करताना सरकारने "२७ द्या, वरचे पाच आम्ही देतो" म्हटलं. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ३४ चे ३२ झाले आणि त्यातले पाच तुमच्या-माझ्या खिशातून गेले. डेअरीचा खरेदीदर मात्र सातने उतरला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीने असं, की नाव शेतकऱ्याचं आहे, दिलासा दोघांना मिळालाय. डेअरीला दिलासा देणं चूकच असं मी म्हणत नाही. पावडरचा डोंगर साठला तर तिलाही खेळतं भांडवल लागतं. पण मग किती दिलासा कुठल्या डेअरीच्या दुधावर गेला ते आकड्यात दिसू दे.


केंद्रावरचा
सोमवार, रात्री ९.०५

मी नऊ वर्षं संकलन केंद्र चालवलं, आता बंद केलं. चालवणाऱ्याची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

अनुदानाची माहिती भरायचं काम आमच्यावर आलं तेव्हा त्याचं ना प्रशिक्षण, ना पैसे. केंद्रावर सकाळी साडेपाच ते साडेआठ दूध घ्यायचं, कॅन बल्क कूलरला लावायचे, आणि मग एक्सेलमध्ये एकेका शेतकऱ्याचं नाव, आधार, खातं, आयएफएससी, गाईंचे बिल्ला नंबर, दहा दिवसांचं लिटर भरायचं. माझ्याकडे १८७ खाती होती. एकेका खात्याला तीन-चार गाई. मुलगा बारावीला होता, तो रात्री भरायला बसायचा.

चुका कुठे व्हायच्या सांगतो, म्हणजे ताईंना शोधायला सोपं जाईल. एक, दुधाचं खातं बापाच्या नावावर, बिल्ला पोराच्या नावावर, बँक खातं आईचं. घरात एकच चूल असते, कॉम्प्युटरला ते कळत नाही. दुसरं, गाय विकत आणली पण पोर्टलवर जुन्या मालकाचंच नाव. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच आली नाही. बिल्ल्याचा नंबर बारा आकडी, आधारही बारा आकडी. एक्सेलच्या साध्या रकान्यात बारा आकडे टाकले की ते आखडून १.०२ आणि पुढे ई अधिक ११ असं दिसायला लागतं. तशीच फाइल दुसऱ्या प्रकारात सेव्ह केली की खरे आकडे गेले ते गेलेच. आणि ज्या बँकेच्या खाते क्रमांकाची सुरुवात शून्याने होते तिचं पहिलं शून्य एक्सेल खाऊन टाकतं. रकाना आधी "टेक्स्ट" करून घ्यायचा असतो, हे मला दुसऱ्या टप्प्यात कळलं. तोवर माझ्या केंद्राची तेवीस नावं बाद झाली होती. ती बाद झाल्याचंही शेतकरी भांडायला आले तेव्हा समजलं, कारण बाद नावांची यादी मलासुद्धा कुणी पाठवली नाही.

लोक म्हणतात केंद्रवाल्याने खाल्ले. थेट खात्यात जाणारे पैसे केंद्रवाला खाणार कुठून? पण यादी समोर नसली की संशय जवळच्या माणसावरच येतो. माझ्या दारात येऊन बोलून गेले लोक, ज्यांच्या लग्नकार्यात मी पंगतीला वाढलंय ते.


नाझरेकाठ
सोमवार, रात्री ९.३२

दादा, वाचून पोटात कालवलं. ही बाजू मी धरलीच नव्हती, माफ करा.

आणि तुमचा तिसरा मुद्दा वाचून मी आत्ता भावाला फोन केला. त्याचं खातं शून्यानेच सुरू होतं! जुलैचे आले ते कसे मग, हे कळत नाही. रविवारी गावी जातेय, केंद्रावर फाइल बघायला मागते.


केंद्रावरचा
सोमवार, रात्री ९.४०

जुलैची फाइल दुसऱ्या कुणी भरली असेल. विचारा. आणि ओरडून विचारू नका, शेजारी बसून विचारा. दाखवतात.


माळीणवाट
मंगळवार, सकाळी ११.१०

पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम केलंय, त्यामुळे बिल्ल्याबद्दल थोडं. जनावर गव्हाणीला कान घासतं, तारेच्या कुंपणात बिल्ला अडकून निघतो, कधी कान फाटतो. नवा मारला की नंबर बदलतो, आणि तो जुन्याच्या जागी पोर्टलवर चढवावा लागतो. गावागावांत शे-दोनशे जनावरांचं हे काम एका माणसाकडे असतं. भावाच्या गाईंच्या कानातला नंबर स्वतः वाचा, कार्डावरचा धरू नका.


मधुमालती
मंगळवार, दुपारी ३.४५

विषय पटला, पण भिंतीवर यादी लावायला माझा विरोध आहे. कारण सांगते.

माझे वडील आंबेगावात दूध घालतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खात्यात पीकविम्याचे पैसे आले, आणि ते आलेत हे गावात कळल्यावर तिसऱ्या दिवशी हातउसने दिलेले दोघं दारात उभे. कर्जाच्या थकबाकीपोटी बँकेने खात्याला होल्ड लावला तो वेगळाच. आईच्या औषधाला काढायचे होते ते पैसे. कुणाच्या घरात किती आले हे चौकात लागलं तर त्याचा त्रास बायकांना जास्त होतो, कारण घरात विचारपूस त्यांच्याकडेच होते. सरकारने स्वतःचा हिशेब जरूर द्यावा. माझ्या वडिलांचा कशाला?


नाझरेकाठ
मंगळवार, सायंकाळी ६.२०

मधुमालती, याला माझ्याकडे झटकन उत्तर नाही. तुमचं म्हणणं खरं आहे. पीएम किसानची गावनिहाय यादी कुणालाही उघडता येते, कर्जमुक्तीच्या याद्या गावोगावी लागल्या होत्या, तेव्हा नावं उघडी करायची पद्धत नवी नाही. पण पद्धत आहे म्हणून ती तुमच्या आईला सोसायला सांगणं मला जमणार नाही.


लाहन_नदीकाठ
मंगळवार, रात्री ११.५५

मूळचा कोथरूडचा, सध्या जर्मनीत. इथे हाच वाद अगदी याच शब्दांत होऊन गेलाय, म्हणून लिहितो.

युरोपियन महासंघ शेतीला प्रचंड अनुदान देतो. कुणाला किती मिळतं हे पूर्वी गुलदस्त्यात असायचं. २००० नंतरच्या दशकात काही पत्रकारांनी माहिती अधिकाराचे अर्ज करकरून देशोदेशीचे आकडे बाहेर काढले. तेव्हा लोकांना दिसलं, की शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या योजनेतल्या सगळ्यात मोठ्या रकमा साखर आणि दूध प्रक्रिया करणाऱ्या बड्या कंपन्यांना निर्यात अनुदान म्हणून जात होत्या. त्यानंतर नावं प्रसिद्ध करणं सक्तीचं झालं.

मग जर्मनीतले शेतकरी कोर्टात गेले. म्हणणं मधुमालती यांचंच, माझ्या घरात किती येतात हे शेजाऱ्याने का बघावं. ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की लहान-मोठा फरक न करता व्यक्तींची नावं सरसकट छापणं जास्तीचं आहे, कंपन्यांच्या बाबतीत मात्र चालेल. पुढे नियम बदलला. आता अगदी लहान रक्कम घेणाऱ्याचं नाव झाकून सांकेतिक क्रमांक देतात, रक्कम आणि गाव दिसतं. मोठ्यांची नावं उघडी.

आपल्याकडे तर हे अजून सोपं आहे. प्रत्येक दूधवाल्याचा केंद्रावर खाते नंबर असतोच.


केंद्रावरचा
बुधवार, सकाळी ६.१०

बरोबर. आमच्याकडे कोड नंबर म्हणायचे. ४२ नंबर कोण ते ४२ वाल्याला आणि मलाच ठाऊक. भिंतीवर कोड, लिटर, "पाठवलं / बाद", कारण. रक्कम लिहायचीच गरज नाही, लिटर असलं की ज्याचं त्याला करता येतं.


मधुमालती
बुधवार, सकाळी ९.००

कोड नंबरने लावणार असाल तर माझी हरकत नाही. उलट वडिलांचा कोड मी स्वतः जाऊन बघेन.


दहाचा_तिकीट
बुधवार, रात्री ८.३०

धागा उशिरा बघितला. माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देण्याचं काम बरीच वर्षं करतो, त्यामुळे नाझरेकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नावर थेट येतो.

पहिली गोष्ट, अर्ज डेअरीला करू नका. खासगी डेअरी कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि सहकारी संघसुद्धा आपोआप येत नाही. थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय, की सरकारचा मोठा आर्थिक आधार असल्याशिवाय सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. डेअरीच्या दारात अर्ज घेऊन गेलात तर हाच निकाल दाखवून परत पाठवतील. पण अनुदानाची फाइल सरकारी कार्यालयात आहे, आणि जे सरकारच्या ताब्यात आहे ते मागता येतं. म्हणून अर्ज जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. राज्याचं एकत्रित हवं असेल तर आयुक्त कार्यालयाला.

दुसरी गोष्ट, खरं म्हणजे अर्ज करायची वेळच यायला नको. कायद्याचं कलम ४(१)(ख) मधलं बारावं कलम वाचा. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी न मागता प्रसिद्ध करायचं आहे. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा, अधिकाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

आता अडचण. व्यक्तिगत माहितीचं कलम ८(१)(ञ) पूर्वी असं होतं, की सार्वजनिक हिताचं कारण असेल तर व्यक्तिगत माहितीही देता येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने ते कलम आखूड केलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झालाय. आता व्यक्तिगत माहिती म्हटलं की नकाराचा शिक्का मारायला मोकळीक. मला हा बदल फार चुकीचा वाटतो. वीस वर्षं ज्या एका ओळीच्या जोरावर रेशनच्या आणि घरकुलाच्या बोगस याद्या उघड्या पडल्या तीच ओळ काढली. कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हिताची वाट अजून शिल्लक आहे, पण ती लांबची आहे.

म्हणून आत्ता शेतकऱ्यांची नावं मागूच नका. डेअरी ही काही व्यक्ती नव्हे, केंद्रही नव्हे. त्यांचे आकडे व्यक्तिगत माहितीत बसत नाहीत. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, तर मजकूर असा ठेवा:

"१ जुलै २०२४ ते ३० नोव्हेंबर २०२४ या काळातील गाय दूध अनुदान योजनेबाबत पुरंदर तालुक्यातील प्रत्येक संकलन केंद्रासाठी पुढील माहितीच्या छायांकित प्रती मिळाव्यात. डेअरीचे नाव, केंद्राचे नाव, डेअरीने सादर केलेल्या दूध उत्पादकांची संख्या, एकूण लिटर, मंजूर झालेल्यांची संख्या व रक्कम, नामंजूर झालेल्यांची संख्या व नामंजुरीची कारणे. कोणाचेही नाव, आधार किंवा बँक खाते नको. ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) नुसार स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे."

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. तीस दिवस वाट बघा. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर त्याच कार्यालयात पहिलं अपील, आणि तिथेही नाही तर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे नव्वद दिवसांत दुसरं. तिथे तारखा फार लांबच्या मिळतात, त्यामुळे पहिल्या अपिलातच सुनावणीला स्वतः हजर राहा.

भावाच्या स्वतःच्या पैशांसाठी वेगळा अर्ज, त्याच्या सहीने. स्वतःची माहिती मागायला कुणाची आडकाठी नाही.

अजून एक, पुणेकरांना माहीत असायला हवं पण विसरलेत. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिकेत कुणीही जाऊन फाइल बघायची, ही रीत आपल्याच शहरात सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने ती राज्यातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांनाही लागू केली. अर्ज न करता नुसतं जाऊन "अनुदानाचं रजिस्टर दाखवा" म्हणता येतं.


भिगवण_रोड
बुधवार, रात्री ९.१५

मजकूर उतरवून घेतला. पुरंदरच्या जागी इंदापूर घालतो.


तीस_पोस्टकोड
बुधवार, रात्री १०.०५

मी दूध घालत नाही, पण अर्ज कुणीही नागरिक करू शकतो ना? हवेलीचा मी करतो. स्टॅम्प उद्या आणतो.


नाझरेकाठ
पुढचा रविवार, रात्री १०.४०

आत्ताच गावाहून परत आले. सविस्तर लिहिते.

सकाळी आधी गोठ्यात गेले. भाऊ गाईची मान धरून उभा, मी मोबाइलच्या उजेडात पिवळा बिल्ला वाचतेय, आई वहीत लिहितेय. बिल्ल्यावर शेण वाळून बसलेलं, ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा आकडे दिसले. चार गाईंचे नंबर कार्डाप्रमाणे निघाले. पाचवीचा बिल्ला नवा आहे, तो पोर्टलवर चढलेलाच नाही. ती गाय ऑगस्टमध्ये व्यालेली, म्हणजे तिचं दूध ऑगस्टपासून सुरू.

मग केंद्रावर. "केंद्रावरचा" दादांनी सांगितलं तसं शेजारी बसले. चालवणारा मुलगा पंचविशीतला. आधी अवघडला होता, मी एक्सेल उघडून रकाना टेक्स्ट कसा करायचा ते दाखवलं तेव्हा मोकळा झाला. जुलैची फाइल डेअरीच्या सुपरवायझरने भरली होती, ऑगस्टपासून यानेच. भावाच्या खात्याचं पहिलं शून्य गायब. त्याच बँकेत खाती असलेल्या आणखी चौदा जणांचीही तीच गत. पंधरा घरं! इतक्या महिन्यांत एकालाही कुणी सांगितलं नाही, की तुमच्या खाते नंबरात एक आकडा कमी आहे.

त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ताई, ऑक्टोबरपासून लोक मला काय काय बोलतायत. मीही त्याला मनातल्या मनात बोलले होतेच.

दोघांनी बसून पंधरा ओळी दुरुस्त केल्या, प्रत्येकाचं पासबुक मागवून घेतलं. डेअरीने ती फाइल पुन्हा पाठवायला हवी आणि सरकारने जुन्या काळासाठी ती स्वीकारायला हवी, यातलं काहीच अजून झालेलं नाही. डेअरीच्या ऑफिसला मी लेखी पत्र दिलंय आणि पोच घेतलीय. पैसे मिळतील की नाही, माहीत नाही.

आणि निघायच्या आधी त्या मुलाने आपणहून एक केलं. कोड नंबर, लिटर, "पाठवलं / दुरुस्ती" एवढंच लिहिलेला कागद प्रिंट करून दूध ओतायच्या जागेच्या वर चिकटवला. संध्याकाळी धारा घेऊन आलेली माणसं कॅन खाली ठेवून तिथे थांबत होती. एक म्हातारे आजोबा होते, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी नातीला वर उचलून धरलं आणि म्हणाले, बघ गं, ६१ पुढं काय लिव्हलंय.


केंद्रावरचा
पुढचा रविवार, रात्री १०.५८

पोराला माझा नमस्कार सांगा. आणि पावत्यांचे फोटो काढून ठेवायला सांगा सगळ्यांना, ज्या दिवशीच्या त्या दिवशी.


दहाचा_तिकीट
पुढचा रविवार, रात्री ११.२०

पंधरा जणांच्या सह्यांचं एक निवेदन करा, सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. उद्या सोमवार आहे. मी दुपारी पावणेतीनला जिल्हा कार्यालयाच्या गेटपाशी असेन, अनुदानाचं रजिस्टर बघायला मागू. कोण कोण येतंय?


तीस_पोस्टकोड
पुढचा रविवार, रात्री ११.२४

मी येतो.


नाझरेकाठ
पुढचा रविवार, रात्री ११.३१

अर्ध्या दिवसाची रजा टाकते. भाऊही निघतोय, संध्याकाळची धार शेजारच्या काकूंनी मागून घेतलीय.